आकडे भरणारे आणि आकडे वाचणारे



दिवसभर आकडे भरणारी माणसे आपल्या घराघरांत आहेत. कोणी इस्पितळाच्या खिडकीवर रुग्णांची नोंद करतो, कोणी गोदामात मालाची आवकजावक संगणकावर टाकतो, कोणी शाळेच्या कचेरीत हजेरीपट सांभाळते. संध्याकाळी ते आकडे वरच्या साहेबांकडे जातात. तिथे दुसरेच कोणी त्यांचे तक्ते मांडतात आणि त्या तक्त्यांवरून आकडे भरणाऱ्याची पाळी, बढती, कधी कधी नोकरीही ठरते. मग प्रश्न पडतो : जो आकडे भरतो त्याला ते वाचायला शिकवणे हा मालकाचा चांगुलपणा आहे, की ते त्याचे देणे आहे?

इंग्लंडमध्ये या प्रश्नाला व्यवहाराचे रूप आले आहे. ज्या मालकाचे वर्षाचे पगारबिल ३० लाख पौंडांहून अधिक आहे, त्याला एप्रिल २०१७ पासून त्यावरील रकमेवर अर्धा टक्का कर भरावा लागतो. हा पैसा शिकाऊ उमेदवारांच्या शिक्षणासाठी असतो आणि मालकाने तो ठरावीक मुदतीत वापरला नाही तर हातचा जातो. शिकाऊ उमेदवार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रशाळेतला अठरा वर्षांचा मुलगा येतो. तिथे मात्र वयाला वरची मर्यादा नाही. आधीपासून नोकरीत असलेल्यालाही आपली जागा आणि पगार न सोडता उमेदवार होता येते. त्यामुळे संगणकशास्त्राशी कधीही संबंध न आलेले कारकून आणि पर्यवेक्षकही ‘डेटा टेक्निशियन’ किंवा ‘डेटा ॲनालिस्ट’ हे अभ्यासक्रम घेऊ शकतात. दुबार आणि अर्धवट नोंदी कशा शोधाव्यात, सरासरी कुठे फसवते, आलेख कसा मांडावा, लोकांची खाजगी माहिती कशी जपावी, हे ते शिकतात आणि आपल्याच खात्यातल्या कामावर तपासून पाहतात. हे शिक्षण पगारी वेळेतच झाले पाहिजे, असा नियम आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यासाठी आठवड्याला सरासरी किमान सहा तास ठरले होते. २०२५ पासून प्रत्येक अभ्यासक्रमाचे तास वेगळे ठरवले जातात.

पगारी वेळेचा हा नियम मला महत्त्वाचा वाटतो. ‘घरी जाऊन रात्री शीक’ असे सांगणारा मालक शिकवत नसतो, तो फक्त परवानगी देत असतो. आठ तास काम, दोन तास गाडीतली गर्दी आणि घरी स्वयंपाक आटोपल्यावर पुस्तक उघडण्याचे त्राण किती जणींत उरते? शिकवायचे असेल तर आधी वेळ द्यावा लागतो, आणि वेळ देणे म्हणजे पैसा देणेच आहे.

पण हे देणे का मानायचे? एक जुना दाखला पाहू. १६६२ साली लंडनमध्ये जॉन ग्राँट नावाच्या व्यापाऱ्याने शहरातील मृत्यूंच्या नोंदींवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. ग्राँट हे गणिती नव्हते. ते वडिलांच्या हाताखाली उमेदवारी करून किरकोळ मालाच्या धंद्यात आले होते. तरी त्यांच्या त्या पुस्तकापासून लोकसंख्येच्या अभ्यासाला सुरुवात झाली, असे मानतात. मृत्यूचे कारण ठरवायला प्रेत पाहून येणाऱ्या वृद्ध स्त्रिया नेमलेल्या असत. ग्राँट यांनी लिहून ठेवले आहे की, घरच्यांनी पेलाभर दारू पाजून दुप्पट शुल्क हातावर ठेवले की या स्त्रिया लाजिरवाण्या रोगाचे नाव बदलून दुसरेच सांगत. म्हणून त्या रोगाचा कागदावरचा आकडा लहान दिसे. बेरीज बरोबर होती, पण नोंदच खोटी होती.

आकडा कुठे खरा आणि कुठे पोकळ आहे, हे तो भरणाऱ्याला सर्वांत आधी कळते. समजा, एका इस्पितळात शंभर रुग्णांना तारखा दिल्या आणि वीस जण आले नाहीत. वरच्या मजल्यावर निष्कर्ष निघतो : लोक बेजबाबदार आहेत, एका वेळेला दोघांना बोलवा. खिडकीवरच्या बाईंना ठाऊक असते की त्या विसांतल्या निम्म्यांना तारखेचे पत्रच उशिरा मिळाले. पण तसे लिहायला तक्त्यात रकाना नाही, म्हणून त्या ‘आला नाही’ एवढेच लिहितात. बाईंचे हे ज्ञान वाया जाते आणि शिक्षा रुग्णांना होते. त्यांना तक्ता मांडायला शिकवले, तर पहिले काम त्या नवा रकाना काढण्याचे करतील. त्यांच्या हातून जे तयार होते त्याचा अर्थ कळण्याचा त्यांना हक्क आहे, आणि तो अर्थ चुकला असेल तर तसे म्हणण्याचाही. म्हणून मी याला देणे म्हणतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमावर लिहिलेल्या परिपत्रकात कामातून काय निपजते आणि काम कोण करते, असा भेद केला आणि काम करणाऱ्या माणसाला वरचे स्थान दिले. आकड्यांच्या कामालाही हाच मापदंड लावायला हवा.

हे वर्गापेक्षा कामावर चांगले का शिकता येते? ॲरिस्टॉटलने म्हटले आहे की घरे बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वादक होतो आणि न्यायाने वागून न्यायी होतो. त्याने कसब आणि सद्गुण एकाच ओळीत बसवले, हे लक्षात घ्या. आकड्यांचे कामही असेच आहे. साहेबांना आवडावा म्हणून आकडा थोडा वर ओढायचा की नाही, हे पुस्तकात शिकता येत नाही. तो प्रसंग कामावरच येतो. त्या वेळी शेजारी बसलेला जाणता माणूस काय करतो, हे उमेदवार पाहत असतो. तो प्रामाणिक असेल तर उमेदवार दोन्ही शिकतो, नसेल तर लबाडी अधिक सफाईने शिकतो. म्हणून उमेदवारीत अभ्यासक्रमाइतकाच शिकवणाराही पारखून घ्यावा लागतो.

याला आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. मालक म्हणतो, ‘मी शिकवीन आणि तो दुसरीकडे जाईल.’ इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने उमेदवाराला निदान सात वर्षे धन्याशी बांधून ठेवले होते. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये अशा लांबलचक उमेदवारीवर कडक टीका केली आणि १८१४ मध्ये तो नियम रद्द झाला. काही काळ थांबण्याचे वचन मागणे रास्त आहे, पण माणसाला बांधून ठेवणे रास्त नाही. दुसरा आक्षेप कामगाराचाच असतो : ‘या वयात मला कशाला?’ त्यामागे बहुधा तरुणांसमोर हसे होण्याची भीती असते. सक्ती करू नये, पण वयाकडे पाहून विचारायचेच नाही, हाही अन्याय आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. शिकलेल्या बाईंना उद्या सहकाऱ्यांच्या चहाची मिनिटे मोजायला सांगितली तर? त्यांनी मांडलेल्या तक्त्यावरूनच त्यांच्या शेजारणीची जागा रद्द झाली तर? यावर माझ्याकडे सोपे उत्तर नाही. एवढे मात्र म्हणता येईल की शिकवण्यामागचा हेतू मालकाने आधीच उघड सांगितला पाहिजे. माणसाला अंधारात ठेवून त्याच्याच हातून त्याचा खड्डा खणून घेणे हा विश्वासघात आहे, मग त्याला कितीही सुंदर प्रमाणपत्र द्या. आणि शिकलेल्यावरही जबाबदारी येते. ‘मी फक्त आकडे भरले’ असे त्याला आता म्हणता येणार नाही.

आपल्या देशात १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे आणि २०१६ पासून विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार उचलते. पण या कायद्यानुसार उमेदवार हा कामगार मानला जात नाही, आणि शिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन सहसा मालकावर नसते. मुख्यतः नव्याने कामाला लागणाऱ्या तरुणांसाठी ही व्यवस्था आहे. वीस वर्षे एकाच खुर्चीवर बसलेल्या कारकुनाला तिच्यात फारसे स्थान नाही. त्याचे शिक्षण मालकाच्या सदसद्विवेकावर सोडलेले आहे.

म्हणून ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांना माझे सांगणे आहे. तुमची पतपेढी असो, दवाखाना असो की चार माणसांचे दुकान, आठवड्यातला एक तास पगारी वेळेतून काढा. नोंदी भरणाऱ्याला शेजारी बसवा, महिन्याचा तक्ता त्याच्यासमोर उघडा आणि विचारा, ‘यातले काय खरे नाही?’ जे नोकरी करतात त्यांनीही आपण भरलेल्या आकड्यांचे पुढे काय होते, हे विचारायला संकोचू नये. आज यंत्र क्षणात आलेख काढून देते. पण मूळ नोंद खरी आहे की नाही, हे ती नोंद करणाऱ्यालाच सांगावे लागते. शिक्षण खरोखर झाले की नाही, याची माझ्या मते एकच परीक्षा आहे : सर्वांत खालच्या खुर्चीवरचा माणूस ‘साहेब, हा आकडा चुकला आहे’ असे म्हणू शकतो का, आणि तसे म्हटल्यावर त्याची खुर्ची शाबूत राहते का?

आपला,
प्रमुख धर्मगुरू