उभे राहणे

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम् हे गाव लागते. तिरुनेलवेलीकडील याच नावाचे तीर्थ यात्रेकरूंना अधिक परिचित असेल. हे पापनाशम् मात्र कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले, कुडमुरुट्टीच्या पाण्यावर पोसलेले, भाताचे गाव. येथील पालैवननाथाच्या देवळात नायक राजवटीत, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, उभारलेले विटांचे एक प्रचंड धान्यकोठार आहे. दुसऱ्या एका देवळात एकशे आठ शिवलिंगे आहेत. खर-दूषणांच्या वधाचा दोष फिटावा म्हणून रामाने ती स्थापिली, अशी स्थानिक कथा आहे. राक्षसांना मारणे हे रामाचे कर्तव्यच होते. तरीही कथा त्याला निर्दोष सोडत नाही. जो कर्म करील त्याला डाग लागेल, मग कर्म कितीही योग्य असो, असे काहीसे या कथेच्या मुळाशी असावे.

अशा गावात नगरपंचायतीची निवडणूक होते. तमिळनाडूतील नागरी संस्थांबरोबर ती १९ फेब्रुवारी २०२२ रोजीही झाली. प्रभाग लहान, मतदार मोजके, आणि प्रश्न गटाराचे, दिव्याचे, रस्त्याच्या कडेला साचणाऱ्या पाण्याचे. दिल्लीच्या निवडणुकीवर ग्रंथ लिहिले जातात, गल्लीच्या निवडणुकीवर विनोद केले जातात. नैतिकदृष्ट्या मात्र अवघड निवडणूक कोणती असेल तर ती गल्लीचीच. लोकसभेचा उमेदवार अनोळखी लक्षावधींपुढे आपली प्रतिमा ठेवतो. गावातला उमेदवार ज्यांच्यापुढे हात जोडतो त्यांनी त्याला शाळेत मार खाताना पाहिलेले असते, बांधावरून भांडताना ऐकलेले असते, त्याच्या वडिलांनी कोणाचे पैसे बुडवले हेही त्यांना ठाऊक असते. अशा माणसांकडे जाऊन ‘तुमच्यापैकी मीच योग्य आहे, मला निवडा’ असे म्हणणे हा अहंकार की सेवाभाव, की दोहोंचे न उलगडणारे मिश्रण?

शब्दांनी या प्रश्नाचा थोडा माग लागतो. अमेरिकेतला माणूस पदासाठी ‘धावतो’. मराठी माणूस निवडणुकीला ‘उभा राहतो’, आणि तमिळ भाषाही येथे उभे राहण्याचाच धातू वापरते. उभा राहतो तो देवापुढे, न्यायासनापुढे किंवा सावकाराच्या दारात. ‘उमेदवार’ हा फारसीतून आलेला शब्द तर मुळात आशा धरून बसलेल्याचा. जुन्या मराठीत उमेदवारी म्हणजे कचेरीत बिनपगारी राबून नोकरीची वाट पाहणे. सत्तेच्या इच्छुकाला मराठीने दिलेली ही दोन्ही रूपे अधिकाऱ्याची नव्हेत, अर्जदाराची आहेत.

या अर्जापासून सुटका करून घेणारा एक प्रतिष्ठित मार्ग याच परिसरात जन्मलेल्या एका मराठी माणसाने चोखाळला. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्याबरोबर दक्षिणेत रुजलेल्या देशस्थ घराण्यांपैकी एका घराण्यात, कुंभकोणम येथे, १८२८ मध्ये टी. माधवराव जन्मले. वडील आणि चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. माधवराव स्वतः त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांच्या कर्तबगारीविषयी दुमत नाही. परंतु हे सारे राज्य परक्या भूमीवरचे आणि नेमणुकीचे होते. ज्यांच्यावर कर बसवायचा त्यांच्या दारात जाऊन आधी कौल मागण्याची पाळी दिवाणावर येत नसे. जन्मगावापासून दूर असणे ही अशा राज्यकर्त्याची मोठी सोय असते: त्याला भावकी नसते, जुने वैर नसते आणि निवृत्तीनंतर त्याच रस्त्यावरून चालायचे नसते.

पापनाशम् तालुक्यातील कबिस्थलमचे जी. के. मूपनार यांचे उदाहरण याच्या उलट बाजूचे. मोठ्या जमीनदार घराण्यातले हे काँग्रेसनेते दिल्लीत पक्षाचे सरचिटणीस होते. पडद्यामागून इतरांना पदे मिळवून देणारा म्हणून त्यांचा लौकिक होता. तरी १९८९ मध्ये ते विधानसभेसाठी पापनाशम् मतदारसंघातूनच उभे राहिले आणि निवडून आले. राज्यात त्यांच्या पक्षाला मात्र २६ जागांवर समाधान मानावे लागले. विधानसभा म्हणजे नगरपंचायत नव्हे, हे खरे. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी घराण्याकडे मान वर करून पाहिले नाही त्यांच्यापुढे त्या घराण्यातील पुरुष हात जोडून उभा राहतो, तेव्हा एक दिवस का होईना, अर्जदार आणि धनी यांची जागा बदलते. त्या दिवसाला केवळ सोहळा म्हणून हिणवणे सोपे आहे. सोहळेही हळूहळू सवयी घडवतात, हे विसरले जाते.

मागणे टाळायचे, आणि तरी सत्ता गावातल्याच माणसांच्या हाती ठेवायची, अशी एक युक्ती चोळांच्या काळी तमिळ देशात सुचली होती. कांचीपुरमजवळच्या उत्तिरमेरूर येथील पहिल्या परांतकाच्या कारकिर्दीतले, सुमारे ९१९ आणि ९२१ सालांचे शिलालेख ती तपशीलवार सांगतात. गावाचे तीस विभाग करावेत. प्रत्येक विभागातील पात्र पुरुषांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून मडक्यात घालावीत. आत काय आहे हे न जाणणाऱ्या लहान मुलाने पत्र उचलावे. मध्यस्थाने ते पाचही बोटे पसरून उघड्या तळहातावर घ्यावे आणि मोठ्याने वाचावे. पसरलेल्या बोटांचा हा तपशील मोठा बोलका आहे: ज्याने तो लिहिला त्याला मिटलेल्या मुठीचा स्वभाव पुरता ठाऊक होता. अशा रीतीने वार्षिक समिती, बागांची समिती, तलावाची समिती निवडली जाई. पात्रतेच्या अटीही होत्या: स्वतःची करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवरचे घर, वय पस्तीस ते सत्तर, वेदाध्ययन, आणि गेल्या तीन वर्षांत समितीवर नसणे. पूर्वी समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही तो बाद. इतकेच नव्हे तर त्याचे मावसभाऊ, आतेभाऊ, सासरे, जावई असे नातलगही बाद. गाढवावर बसलेला माणूसही बाद, हे वाचून मराठी वाचकाला धिंड आठवल्याशिवाय राहणार नाही. आणखी एक अट अशी की, निषिद्ध भक्षणासारख्या काही पातकांतून प्रायश्चित्त घेऊन शुद्ध झालेल्या माणसालाही आयुष्यभर निवडीपासून दूर ठेवावे. देवळात पाप फिटेल, पण मडक्यात नाव पडणार नाही. एकशे आठ लिंगांच्या गावाने विचार करावा असा हा भेद आहे. देवाची क्षमा आणि गावाचा विश्वास या दोन निराळ्या वस्तू आहेत.

सोडतीला ॲरिस्टॉटलनेही लोकशाहीचे लक्षण मानले होते. निवडणूक त्याला अल्पजनसत्तेकडे झुकणारी वाटे. सोडतीत कोणी मिरवत नाही, कोणी हरत नाही, कोणी कोणाचा मिंधा होत नाही. उत्तिरमेरूरची व्यवस्था आजच्या कित्येक नगरपालिकांना लाजवील अशी कडक होती यात संशय नाही. परंतु त्या मडक्यात नाव कोणाचे पडे? ब्राह्मणांना दान मिळालेल्या गावातील जमीनधारक, वेदज्ञ पुरुषांचे. शेत कसणारा, मडके घडवणारा कुंभार किंवा कोणतीही स्त्री यांच्यासाठी ते मडके नव्हतेच. मुलाचा हात निष्पक्ष असला तरी तो मडक्यात जाण्यापूर्वीच निवड झालेली असे.

महाराष्ट्रात मागण्याची लाज टाळण्याचा आपला मार्ग म्हणजे बिनविरोध निवड. गावात तंटा नको, खर्च नको, पाचामुखी परमेश्वर. हेतू पुष्कळदा चांगला असतो. परंतु ‘एकमत’ कोणी कोणाला गप्प बसवून झाले हे चावडीवर विचारले जात नाही. नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये रद्द केल्या. कारण पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले होते. उमराण्यात बोलीचा पैसा देवळाच्या कामासाठी होता म्हणतात. देवळासाठी म्हटल्याने तो प्रकार अनेकांना निर्मळही वाटला असेल. लिलावात मात्र ज्याच्यापाशी फक्त शेजाऱ्यांची सदिच्छा आहे त्याला बोलायला तोंडच उरत नाही.

सज्जनाने स्वतःहून पद मागावे काय, हा प्रश्न येथे वेगळ्या प्रकाशात दिसू लागतो. तो प्रश्न ज्यांना पडतो त्यांना उभे राहण्यापासून सहसा कोणी अडवलेले नसते. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि १९९६ मध्ये तमिळनाडूत नव्या आरक्षणानुसार पंचायत निवडणुका आल्या. मदुरै जिल्ह्यातील मेलवळवूचे अध्यक्षपद दलितांसाठी राखीव झाले. गावातील प्रबळ जातीच्या लोकांचा विरोध मोडून मुरुगेशन उभे राहिले, निवडून आले, आणि ३० जून १९९७ रोजी त्यांच्यासह सहा जणांची हत्या झाली. त्याच जिल्ह्यातील पाप्पापट्टी, कीरिपट्टी आणि नाट्टारमंगलम येथे दहा वर्षे एकतर निवडणूक होऊ दिली गेली नाही, किंवा निवडून आलेल्याने लगेच राजीनामा दिला. ऑक्टोबर २००६ मध्ये कोठे ही कोंडी फुटली. या गावांत उभे राहणे हा अहंकार होता काय, असे विचारण्याचे धाडस कोणी करणार नाही. ज्याला पूर्वी कोणाच्या दारात बसण्याचीही मुभा नव्हती त्याने त्या दारात उभे राहून मत मागणे, यात याचना किती आणि हक्क किती हे वेगळे काढता येत नाही. आणि काढण्याची गरजही नाही.

प्लेटोने म्हटले आहे की सज्जन राज्य करावयास तयार होतात ते केवळ आपल्याहून हीन माणसाचे राज्य सोसण्याच्या भीतीने. हे म्हणणे खोटे नव्हे, पण त्यात उंचावरून पाहण्याचा सूर आहे. गावात असे घडत नाही. तेथे जो उभा राहतो तो शेजाऱ्यांहून फारसा उंच नसतो, आणि ते साऱ्यांना माहीत असते. तो स्वतःला योग्य म्हणतो तेव्हा त्याचा दावा जागच्या जागी तपासला जातो: मळ्याच्या पाटावर, लग्नाच्या पंगतीत, दुकानाच्या उधारीवहीत. दूरच्या दिवाणाला ही तपासणी चुकते. सोडतीत निवडलेल्यालाही ती चुकते, कारण त्याने कसलाही दावा केलेला नसतो. मागणाऱ्यानेच वचन दिलेले असते, म्हणून त्यालाच ते मोडल्याबद्दल विचारता येते. मागण्यातली लाज ही त्या वचनाची तारण ठेवलेली किंमत आहे.

राहतो तो पराभूत. राजधानीतला पराभूत दुसरा मतदारसंघ शोधतो. प्रभागातल्या पराभूताला दुसऱ्या सकाळी त्याच गल्लीतून दूध आणायला जावे लागते. किती मते पडली हे सर्वांना ठाऊक असते. आपल्या घरातली, भावकीतली, आळीतली मोजली तर कोणी शब्द फिरवला हेही साधारण कळते. त्या मोजणीनंतर तो शेजाऱ्याशी काय बोलतो, याचे नियम उत्तिरमेरूरच्या दगडावर नाहीत आणि पंचायत कायद्यातही नाहीत. कुडमुरुट्टीचे पाणी आले की त्याच्या शेताला आणि ज्याने त्याला मत दिले नाही त्याच्या शेताला ते एकाच पाटाने जाते, आणि पाटातला गाळ दोघांना मिळूनच उपसावा लागतो.