एका पार्सलच्या दोन किमती

पार्सल घेऊन आलेल्या पोरावर ओरडणं आधी बंद करा. या आठवड्यात आमच्या नागपूरच्या प्रतापनगरात भर दुपारी एक निवृत्त, शिकलेले गृहस्थ फाटकाशी उभे राहून त्या मुलाला 'लुटारू' म्हणत होते. त्याच्या एका हातात अमेरिकेहून आलेला खोका, दुसऱ्या हातात कस्टम ड्युटीची पावती. ती ड्युटी त्याने लावलेली नाही, तिच्यातला एक रुपयाही त्याच्या खिशात जात नाही. पावती गृहस्थांनी वाचली नव्हती. त्यांचं म्हणणं एकच होतं: "पोरानं गिफ्ट पाठवलं हो, आम्ही काय विकून राहिलो का?"

धरमपेठ घ्या, खामला घ्या. ज्या घरचं कोणी न्यू जर्सीत किंवा डॅलसला आहे, त्या घरात हे वाक्य ऐकू येतंच. तेव्हा आज त्याचाच समाचार घेऊ.

भेटीला ड्युटी नाही, ही समजूत अगदीच हवेतली नाही. पोस्टाने किंवा कुरियरने आलेल्या ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटीला पूर्वी खरोखरच सूट होती. परक्या देशात राबणाऱ्या मुलाने आईला स्वेटर पाठवावा आणि सरकारने मध्ये हात घालू नये, इतका साधा विचार त्यामागे होता. त्या सवलतीचं आपण काय केलं? चिनी शॉपिंग ॲपवरून कपडे नि चपला मागवल्या, पैसे स्वतः मोजले, आणि खोक्यावर 'गिफ्ट' लिहून आलेलं पार्सल निमूट घरात घेतलं. शेवटी डिसेंबर २०१९ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने ती सूट काढून घेतली. सुटल्या फक्त दोन गोष्टी, राखी आणि जीवरक्षक औषधं. राखीसुद्धा नुसती राखी. तिच्यासोबतची भेटवस्तू नाही. भेट आजही पाठवता येते, पूर्ण ड्युटी भरून. आईच्या स्वेटरची सवलत सरकारने बुडवली असं म्हणणाऱ्यांनी ती आधी कोणी पोखरली तेही सांगावं.

आणि भेट आहे म्हणून कर नाही, हा न्याय आपण आणखी कुठे लावतो? इतवारीत सराफाकडे बायकोसाठी बांगड्या घेताना "भेट आहे, जीएसटी काढा" असं म्हणतो का? गांधीबागेतून आहेराच्या साड्या घेतो, त्या सगळ्या भेटीच असतात. तिथे बिल मुकाट चुकतं करतो. कर वस्तूवर असतो, देणाऱ्याच्या मायेवर नसतो. साता समुद्रापलीकडून आली म्हणून माया काही करमुक्त होत नाही. मुलाचं प्रेम खरं आहे, यात कोणालाच शंका नाही. प्रश्न त्याने खोक्यावर लिहिलेल्या किमतीचा आहे.

कारण 'गिफ्ट' या शब्दामागोमाग फोनवर दुसरं वाक्य येतं: "किंमत कमी टाक रे." पार्सलबरोबर कस्टमचं घोषणापत्र असतं. आत काय आहे, किंमत किती, आणि खाली पाठवणाऱ्याची सही. चारशे डॉलरच्या घड्याळापुढे वीस डॉलर लिहून आपला मुलगा तिथे सही करतो, आणि ते लिहायला आपण इथून सांगतो. तोच खोका वाटेत हरवला की आपल्याला भरपाई चारशेची हवी असते. एकाच वस्तूला सरकारसाठी एक किंमत आणि आपल्यासाठी दुसरी. याला मी खोटेपणाच म्हणतो. मग पार्सल अडकलं की "कस्टममध्ये कोणी ओळखीचं आहे का?" हा प्रश्न ठरलेला. ओळख काढण्याआधी पावती वाचा.

उलट दिशेनेही हेच चालतं. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलवरची ड्युटीची सूट बंद केली, आपल्या पोस्टाने तिकडचं बुकिंग थांबवलं, ते १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा सुरू झालं. तेव्हा फराळ पाठवतानाही तेच: "कमीच टाका." शंभर डॉलरपर्यंतच्या घरगुती भेटीला तिथे सूट कायम होती. चिवडा-चकलीच्या डब्याला खोट्याची गरजच नव्हती. सवय लागली की माणूस गरज नसतानाही खोटं बोलतो, मला सर्वांत जास्त बोचतं ते हे.

बाकीच्या सबबी, सगळेच करतात आणि सरकार तरी कुठे प्रामाणिक आहे, त्यांच्यात दम नाही.

तक्रारीला जागा आहे, ती वेगळी. ड्युटी नुसत्या वस्तूवर नसते, वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या किमतीवर असते. विमानाने आलेल्या चॉकलेटच्या भाड्याचाही काही भाग, वस्तूच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत, ड्युटीच्या हिशेबात येतो. कुरियर कंपनी ती आपल्या वतीने आधी भरते, त्याबद्दल स्वतःची फी घेते, फीवर पुन्हा जीएसटी. लहान पार्सलला ही फी जड होते. हा आकडा पार्सल दारात आल्यावर कळावा, हे चूकच आहे. तो पाठवतानाच सांगा, असं कंपन्यांना लेखी विचारलं पाहिजे, ग्राहक आयोगात गेलं पाहिजे. पण ते करायला पावतीवर ड्युटी किती आणि फी किती, हे आधी वाचावं लागतं.

दर फार आहेत म्हणून खोटं लिहावं लागतं, असंही म्हणून झालं. २०२६ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक वापरासाठी येणाऱ्या वस्तूंवरचं सीमाशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणलं. दर निम्मा झाला. "किंमत कमी टाक" मात्र जसंच्या तसं आहे.

पुढच्या वेळी मुलाने विचारलं की त्याला खरी किंमत लिहायला सांगा. तेवढी ड्युटी परवडत नसेल तर पाठवू नको म्हणा. घड्याळं सीताबर्डीवरही मिळतात, आणि तिथे बिल देतात.