शेजारच्या तालुक्याचे देणे

एखादा प्रांत पुढे जातो व त्याला लागून असलेला मागे राहतो, तेव्हा पुढे गेलेल्यांच्या मनात एक विचार हळूच घर करतो : आम्ही उद्योगी, म्हणून आमचे बरे चालले, ते आळशी, म्हणून त्यांचे चालले नाही. बडोद्यात हा विचार आम्हा मराठी माणसांच्या तोंडूनही ऐकू येतो. विदर्भ-मराठवाड्याविषयी पुण्या-मुंबईत जे बोलले जाते, तेच येथे छोटा उदेपूर व दाहोदविषयी बोलले जाते. त्यात तथ्य किती, हे जरा तपासून पाहू.

बडोदे पुढे आले ते कसे? सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सर्व संस्थानास लागू केले. १८९० मध्ये कलाभवन निघाले, १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा. पुढे १९६० मध्ये अंकलेश्वरला खनिज तेल सापडले, १९६५ मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, खतांचा कारखाना आला, १९६९ मध्ये इंडियन पेट्रोकेमिकल्सची स्थापना झाली. आता या यादीत आज सुखाने राहणाऱ्यांच्या उद्योगीपणाचा भाग किती धरावा? जमिनीखाली तेल कोणाच्या घामाने साचले नाही. शाळा एका राजाच्या दूरदृष्टीने आल्या. कोयलीचा कारखाना सबंध देशाच्या पैशाने व सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभा राहिला. बडोदेकरांनी मेहनत केली नाही, असे आमचे म्हणणे नाही. पण मेहनत डोंगराळ जमिनीत मका पेरणारा राठवाही करतोच.

बडोद्याहून छोटा उदेपूर शंभर-सव्वाशे किलोमीटर. परंतु ते गायकवाडी मुलूख नव्हे. रेवाकांठा एजन्सीतील ते एक निराळे संस्थान होते. गायकवाडी हद्द संपली की सक्तीच्या शिक्षणाचा कायदाही संपत असे. गायकवाडांचा मुलूख सलग नसून दुसऱ्यांच्या मुलखात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता, त्यामुळे एका गावचे मूल शाळेत व शेजारच्या गावचे गुरांमागे, असे घडू शके. त्या दोन मुलांत आळशी कोणते? संस्थाने विलीन झाली, दोन्ही भाग साठांहून अधिक वर्षे एकाच जिल्ह्यात नांदले, २०१३ मध्ये छोटा उदेपूर स्वतंत्र जिल्हा झाला. ती जुनी रेघ नकाशावरून पुसली गेली, आयुष्यातून गेली नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. केवळ शाळेने सर्व होते, असेही नाही. ज्या अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा आरंभ झाला, तेथील हजारो तरुणांना पोटासाठी सुरतेला हिऱ्यांच्या कारखान्यांत जावे लागले. शिवाय प्रांताच्या सरासरीत माणसे दिसत नाहीत. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर परदेशचे शिक्षण घेऊन, तेही महाराजांच्याच शिष्यवृत्तीच्या आधारे, बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा या सुधारलेल्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही.

तेव्हा देवाने एकाला समुद्रकिनारा दिला व दुसऱ्याला खडक, हा भेद कोणाचा अपराध नव्हे. सर्व देश एकाच चालीने चालेल, अशी अपेक्षाही वेडेपणाची. परंतु काही भेद माणसांच्या निर्णयांनी घडतात. १९५० च्या दशकात केंद्र सरकारने पोलाद, कोळसा वगैरे मालाचे वाहतूक-भाडे समान करण्याचे धोरण घेतले. जमशेटपूरचे पोलाद जमशेटपूरला व बडोद्याला एकाच भावात मिळू लागले. हेतू चांगला होता : कारखाने देशभर पसरावेत. परिणाम असा झाला की खाणींशेजारी कारखाना काढण्यात काही फायदा उरला नाही, आणि बंदरे, बाजारपेठ व भांडवल आधीच असलेल्या पश्चिमेकडे कारखाने गेले. पश्चिमेकडून पूर्वेला जाणाऱ्या कापसाला मात्र अशी सवलत नव्हती! पोलादापुरते हे धोरण १९९० च्या दशकाच्या आरंभी संपले. १९६०-६१ मध्ये देशाच्या उत्पन्नात पश्चिम बंगालचा वाटा साडेदहा टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये साडेपाचाच्या आसपास आला. याची इतर कारणेही आहेत, राजकारणाचीही आहेत. तरीपण आमच्या भरभराटीच्या हिशेबात झारखंडच्या खाणीतील मजुराचे नाव कोठेतरी लिहावेच लागेल.

दुसरे उदाहरण तर आपल्या भाषेच्या लोकांचे आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. मणिबेली १९९३ पासून पाण्याखाली जाऊ लागले. तेथील काही कुटुंबांना त्या वेळच्या बडोदे जिल्ह्यात परवेटा येथे जमिनी देण्यात आल्या. धरणाने कच्छ-सौराष्ट्राची तहान भागवली, हे आम्ही नाकारीत नाही. तहान खरी होती. विजेतील २७ टक्के वाटा महाराष्ट्राला ठरला. पण ती वीज प्रथम कोणाच्या घरी गेली, सातपुड्यातील पाड्यावर की नाशिक-मुंबईच्या कारखान्यात? ज्याने किंमत दिली आणि ज्याला लाभ झाला, ती दोन माणसे निराळी असली की भेदाचे रूपांतर अन्यायात होते, असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल, त्यांनी येथे येऊन काम करावे. शहर कोणाला नाही म्हणते? येतातच की. दाहोद, छोटा उदेपूर, झाबुआ येथील कुटुंबे रस्त्यांवर, इमारतींवर राबतात, आणि त्या मजुरीने गावचे कर्ज फिटते हेही खरे. पण २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा तीच माणसे पोरेबाळे घेऊन पायी पूर्वेकडे निघाली. शहराला त्यांचे हात हवे होते, बिऱ्हाड नको होते.

पहिल्या शतकातील मंडळीपुढेही हा प्रश्न आला होता. क्लौद्याच्या काळी दुष्काळ पडला, यहूदीयातील बांधव अन्नाला महाग झाले, आणि अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा व शौल यांच्या हाती मदत धाडली. पुढे पौलाने मासेदोनिया व अखया येथून यरुशलेमेसाठी वर्गणी गोळा केली. करिंथकरांना लिहिताना तो दयेपाशी थांबत नाही, समानतेचा मुद्दा मांडतो. आणि रोमकरांना सांगतो की परराष्ट्रीय मंडळ्या यरुशलेमेच्या ऋणी आहेत. म्हणजे त्याच्या लेखी ती वर्गणी भिक्षा नव्हती, फेड होती. मासेदोनियाचे लोक स्वतः गरीब असून त्यांनी अधिक दिले, ही गोष्ट संपन्न मंडळ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्राच्या कारभारात यासाठी एक चांगला शब्द रुळला आहे : अनुशेष. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीपेक्षा कोणता भाग किती मागे आहे हे मोजले आणि तो आकडा सुमारे ३,१८६ कोटी रुपये काढला. १९९४ मध्ये विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. पैसे मोजून अनुशेष भरतो का, याबद्दल आम्हांला शंका आहे. कालवा कागदावर पूर्ण होतो आणि पाणी येत नाही, हे सर्वांनी पाहिले आहे. पण शब्द हिशेबाच्या वहीतला आहे, दानपेटीवरचा नव्हे, हे बरे झाले. येणे असलेला मनुष्य धनकोच्या पायरीने येतो. त्याला हात जोडावे लागत नाहीत.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी एक सूचना. पौलाच्या वर्गणीचा धडा घ्याल तेव्हा नकाशावर यरुशलेम व करिंथ दाखवून झाल्यावर बडोदे व छोटा उदेपूरही दाखवा. पावसाळा सरला की आईबापांबरोबर कामावर आलेले एखादे मूल आपल्या गल्लीतल्या बांधकामाशेजारी, रेतीच्या ढिगावर खेळताना दिसते. त्याचे नाव गावच्या हजेरीपटावर असते आणि मूल येथे असते. त्याची शाळा कोणी चालवायची, त्याच्या गावाने की आपल्या शहराने, हे वर्गाला विचारावे, आणि मुलांना बोलू द्यावे.