खोलीचा पारा आणि नखावरचा मणी

अ‍ॅक्रिलिकची नखं लावणारीसमोर दोन छोट्या वाट्या असतात. एकीत लिक्विड, दुसरीत पावडर. ब्रश लिक्विडात बुडवला, टोक पावडरला टेकवलं की टोकाशी ओला मणी धरतो. तो नखावर ठेवायचा, थोपटायचा, कडेपर्यंत न्यायचा. या कामात तिसरीही एक वस्तू असते, ती कुठल्या डब्यात मिळत नाही: खोलीचं तापमान. अमरावती-अकोल्यात वर्षातले निदान तीन महिने तीच बाकी दोघींवर वरचढ ठरते.

असं का, ते मण्याच्या आत पाहिल्यावर कळतं. लिक्विड म्हणजे मुख्यतः इथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे सुटे सुटे रेणू. पावडरीच्या कणांवर थोडं बेन्झॉइल पेरॉक्साइड असतं आणि लिक्विडात त्याला फोडणारं एक अमाइन. दोघं भेटली की पेरॉक्साइड फुटतं, सुटे रेणू एकमेकांना धरून साखळ्या करू लागतात आणि मणी घट्ट होतो. किती वेगाने, ते उष्णता ठरवते. दहा अंश वाढले की अशा क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्राचा ढोबळ हिशेब आहे. उन्हाळ्यात विरजण दुपारपर्यंत लागतं आणि पौषात सकाळीही पातळच राहतं, तसाच हा प्रकार. फक्त इथे सगळं मिनिटांत घडतं.

डब्यावरच्या सूचना 21 ते 24 अंशांची खोली धरून लिहिलेल्या असतात. अशा खोलीत आकार द्यायला दीड-दोन मिनिटं मिळतात असं समजा. आता मे महिना, लगीनसराई, अमरावतीच्या राजापेठेत वरच्या मजल्यावरचं पार्लर, वीज नुकतीच गेलेली, आत 43 अंश. वीस अंश जास्त म्हणजे वेग चौपट, आणि हातात उरलं कसंबसं अर्धं मिनिट. मणी नखाला नीट भिजवण्याआधीच वरून बांधला जातो. आत बुडबुडे राहतात, ब्रशचे ओरखडे उमटतात, थर जाड-पातळ होतो. मग घासणी जास्त वेळ चालते आणि घासताना खालचं खरं नखही जातं. आठवड्याभरात मुळाकडून पापुद्रा उचलला की दोष मुलीच्या हाताला दिला जातो. माझ्या मते पुष्कळदा तो खोलीचा असतो.

वऱ्हाडाकडे यावर ठरलेला उपाय आहे: कूलर. वाळ्याच्या ताट्या भिजवल्या की कोरड्या उन्हाळ्यात खोली तिसाच्या आसपास येते, आणि हे मोठंच काम आहे. पण कूलर उष्णता काढतो ती पाणी हवेत सोडून, आणि नख पाणी पितं. प्रायमर, म्हणजे मणी नखाला धरावा म्हणून द्यायचा पहिला हात, लावायच्या आधी नखावरची ओल आणि तेल पुसून काढतात ते त्यासाठीच. दहाही नखं एकदम पुसून, प्रायमर लावून ठेवली आणि मग एकेक मणी ठेवत गेलं, तर दहाव्या नखापर्यंत कूलरने आपली ओल परत दिलेली असते. म्हणून कूलरच्या खोलीत एक नख पुसायचं, त्यालाच प्रायमर, त्यावरच मणी, मग पुढचं नख. झोत टेबलावर येऊ द्यायचा नाही. त्याने मण्याच्या वरचं लिक्विड उडून जातं, वर कोरडी साय धरते आणि खाली ओलं राहतं. समोरची खिडकी मात्र उघडी हवी. तिच्यातून ओल जाते आणि तो डोळ्यांत चढणारा वासही जातो. एसीच्या बंद खोलीत तापमान बरोबर असतं, पण वास कोंडतो, हे एसीवाल्यांनी विसरू नये. श्रावणात हवाच भिजलेली असते. तेव्हा कूलर नुसती ओल वाढवतो, तो बंदच बरा.

लिक्विडची बाटली फ्रीजमध्ये ठेवायची युक्ती काहीजणी करतात. वेग मंदावतो खरा, पण थंड बाटली उघडली की तिच्यावर दव धरतं आणि ते पाणी वाटीत उतरतं. बाटली सावलीत, अंधाऱ्या कपाटात राहिली तरी पुरे.

थंडीत सगळं उलट होतं. जानेवारीत सकाळी पारा दहा-बारावर, चिखलदऱ्याला त्याहून खाली. मणी वाहतच राहतो, मुळाशी कातडीवर उतरतो. लिक्विड उडताना आणखी गारवा करतं आणि थरावर पांढरट, काचेसारखी नक्षी उमटते. तो थर ठिसूळ असतो. ग्राहकाचे हात गार असतील तर आधी कोमट करून, कोरडे पुसून घ्यावेत, कारण मण्याला ऊब नखाकडूनही मिळते.

खरी काळजीची जागा पुढे आहे. उन्हाळ्यात वेळ पुरत नाही म्हणून हात आपोआप जास्त लिक्विड घेऊ लागतो. मणी ओला झाला की वेळ मिळतो, पण त्यात न जोडलेले रेणू मागे राहतात. ते कातडीला पुन्हापुन्हा लागले तर मेथाक्रिलेटची अ‍ॅलर्जी होऊ शकते: बोटं खाजतात, सोलतात, नख सुटू लागतं. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की बहुधा आयुष्यभर राहते. धोका ग्राहकाला आहे आणि दिवसभर तेच काम करणाऱ्या मुलीला त्याहून जास्त. शिवाय हे रेणू नखापुरते नाहीत. कृत्रिम नखांची सुरुवातच 1954 मध्ये फिलाडेल्फियाचे दंतवैद्य फ्रेडरिक स्लॅक यांनी दातांच्या अ‍ॅक्रिलिकातून केली, असं मानलं जातं. दातांच्या कामात आणि गुडघा बदलताना लागणाऱ्या बोन सिमेंटमध्ये याच कुळातली रसायनं असतात. पार्लरमध्ये विशीत लागलेली अ‍ॅलर्जी साठीत ऑपरेशनच्या टेबलावर आडवी येऊ शकते.

आणि त्या टेबलावर मात्र तापमान कोणी नशिबावर सोडत नाही. बोन सिमेंटची चाचणी 23 अंशांवर होते आणि किती अंशांना ते किती मिनिटांत घट्ट होईल, याचा तक्ता सोबत येतो. नखाच्या डब्यात असा तक्ता नसतो, म्हणून तो आपणच करायला हवा. भिंतीवर थर्मामीटर टांगावा. तीस अंशांच्या वर मणी ओला करू नये, लहान घ्यावा: एका मोठ्या मण्याऐवजी दोन-तीन छोटे, पहिला बसल्यावर दुसरा. पस्तिसाच्या वर गेलं आणि वीज नसेल, तर नवरीला सरळ सांगावं, ताई, आत्ता नको, सकाळी आठला या.