आठ पतंगांचा हिशेब

घाटंजी तालुक्यातल्या कापसावर गुलाबी बोंडअळीची पाळत ठेवायला शेतात कामगंध सापळे लावतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग सापडले की फवारणी करायची, असा कृषितज्ज्ञांचा सल्ला आहे. ही मोजणी आता एआय करू शकतं. ‘वाधवानी एआय’ या संस्थेच्या ‘कॉटनएस’ अ‍ॅपला सापळ्यातल्या किडींचा फोटो दिला की ते मोजून सल्ला देतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. मला प्रश्न पडतो तो त्या आठ आकड्याचा. त्याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. कीड त्यापुढे गेली, तर पिकाचं नुकसान फवारणीच्या खर्चाहून जास्त होण्याची भीती. खर्चात औषध येतं, मजुरी येते. फवारणाऱ्याची फुप्फुसं येत नाहीत.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. त्यांत शेतमजूरही होते.

एआयमुळे फवारण्या कमी होतील, मग मजुराचाही फायदाच ना? हो, पण त्या दिवसाची मजुरीही बुडेल. आणि ज्या दिवशी पतंग आठ भरतील, त्या दिवशी पंप त्याच्याच पाठीवर असेल; सल्ला मालकाच्या फोनवर.

राज्याने २०२५ मध्ये शेतीसाठी एआय धोरण मंजूर केलंय. असे सल्ले वाढतील. मग औषध कोणतं, वारा किती, हातमोजे-मास्क आहेत का, हे मजुराच्या फोनवरही जायला हवं. आणि ‘आज नको’ म्हणायची मुभाही, मजुरी न कापता. ही मुभा अ‍ॅप देऊ शकत नाही. ती आपणच द्यायची आहे.