हौसेचे मोल

मराठीत एक म्हण आहे : हौसेला मोल नाही. लहानपणापासून ती मी लग्नाच्या खरेदीत, सराफाच्या दुकानात, गणपतीच्या आराशीपुढे ऐकत आले. म्हणणाऱ्याचा रोख बहुतेक वेळा एकच असतो : हौस करायची तर हिशेब मांडत बसू नये. पण तीच म्हण जुन्या बाजारात उभे राहून ऐकली की दुसरा अर्थ कानावर येतो. तुमच्या हौसेला इथे मोल मिळणार नाही. पहिल्या अर्थाने हौस अनमोल, दुसऱ्या अर्थाने कवडीमोल. शब्द तेच आहेत. बोलणारा घेणारा आहे की विकणारा, एवढ्यावर अर्थ फिरतो.

या दोन अर्थांच्या मधोमध मला उभे केले ते एका मोटारीने. माझा भाचा बंगळूरला असतो. त्याच्याकडे २०१५ सालची पोलो जीटी टीएसआय होती. १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, कारखान्यातून निघताना १०५ पीएस ताकद. हे इंजिन २०२० मध्ये बंद झाले आणि २०२२ मध्ये पोलोच भारतात बंद झाली, त्यामुळे शौकिनांमध्ये या गाडीला अजून मान आहे. भाच्याने तिच्यावर सहा वर्षे खर्च केला. इंजिनाच्या संगणकाचा रीमॅप, हवा ओढणारी नवी नळी, मोठा एक्झॉस्ट, उंची कमी-जास्त करता येणारे सस्पेन्शन, हलकी अलॉय चाके, चांगले ब्रेक. सगळे मिळून ३ लाख ४० हजार रुपये. प्रत्येक बिल त्याने जपून ठेवले होते. मग नोकरी गेली आणि गाडी विकायची वेळ आली. मला म्हणाला, "आत्या, तू भाषांतरं करतेस ना, मला जाहिरात नीट लिहून दे. इंग्रजीत आणि हिंदीत."

मी विचारले, किंमत किती लिहू? तिथे सगळे अडले.

त्याचा पहिला हिशेब सरळ होता. अशी, काहीही न बदललेली गाडी ५ लाखांना जाते. त्यात ३ लाख ४० हजार मिळवायचे, म्हणजे ८ लाख ४० हजार. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने मात्र गाडीला एक फेरी मारून ४ लाख २० हजार सांगितले. ज्या सामानाला भाचा भर म्हणत होता, त्याला तो व्यापारी भानगड म्हणत होता.

खर्च म्हणजे किंमत, हा समज मला माझ्या धंद्यातून ओळखीचा आहे. एखाद्या शब्दासाठी मी चार दिवस घालवते, कोश पालथे घालते, तीन माणसांना फोन करते. पैसे शब्दाच्या दराने मिळतात आणि तो शब्दही इतर शब्दांच्याच दराने मोजला जातो. याचा राग येतो. पण शांतपणे पाहिले तर त्या चार दिवसांतला बराच भाग मी माझ्यासाठी घालवलेला असतो. शोधण्याचे सुख मी तेव्हाच घेतलेले असते. भाच्याचेही तसेच आहे. रविवारी पहाटे नंदी हिल्सच्या रस्त्याला लागताना त्या गाडीने जे दिले, ते त्याने घेऊन झाले आहे. बिलातला मोठा हिस्सा त्या पहाटांचा आहे, आणि पहाटा पुढच्या मालकाला देता येत नाहीत.

मग जीव लावला त्याचे काय? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीचा विचार करताना एक बारीक भेद केला आहे. वस्तू सोडताना विकणाऱ्याचे खरोखर नुकसान होत असेल, तर ते नुकसान किमतीत धरायला हरकत नाही. पण घेणाऱ्याला ती वस्तू फार हवी आहे एवढ्यावरून किंमत वाढवणे गैर, कारण त्याची गरज ही विकणाऱ्याची मालमत्ता नव्हे. पहिल्या अर्ध्या भागाने भाचा खूश झाला असता. पण नुकसान मोजायचे कसे? १९९० साली कानेमन, नेच आणि थेलर यांनी काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देऊन पाहिले. ज्यांच्या हातात मग आला ते तो विकायला जी किंमत मागत होते, ती घेणारे देऊ करत असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. मगाशी त्यांची ओळख काही मिनिटांची होती. सहा वर्षांच्या गाडीचा आकडा माझ्याने सांगवत नाही.

माझे मत असे झाले की जीव लावण्याने एकाच प्रश्नाचे उत्तर मिळते : विकायची की नाही. 'विकू नकोस' हे त्याचे प्रामाणिक उत्तर असू शकते. 'दीड लाख जास्त' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. आपल्या भाषेत भाव म्हणजे मनातली भावना आणि भाव म्हणजे बाजारातला दर. एकाच शब्दात दोन्ही राहतात म्हणून एकाचे रूपांतर दुसऱ्यात करता येतेच असे नाही.

भाच्याच्या मित्रांनी वेगळा सल्ला दिला आणि बाजाराच्या दृष्टीने तोच शहाणपणाचा होता. बदललेली गाडी बदललेली म्हणून विकू नये. मूळ भाग परत बसवावेत. ते त्याने गोणपाटात बांधून घरी ठेवलेच होते. संगणकात कंपनीचा मूळ प्रोग्रॅम परत भरावा. गाडी ५ लाखांना जाईल. काढलेले सामान सुटे विकले तर मजुरी वजा जाता १ लाख ४० हजार सहज येतील. एकूण ६ लाख ४० हजार. जाहिरातीत लिहायचे : मूळ स्थितीतली गाडी.

या सल्ल्यात सगळ्यात अवघड गोष्ट ही, की कायदा त्याच्याच बाजूने आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या नोंदींशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५ हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद लावली. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर सापडला तर दावा अडतो. म्हणजे 'सगळे बदल दाखवतो, आहे तशी घ्या' म्हणणारा माणूस खरे बोलून घेणाऱ्याच्या गळ्यात एक बेकायदा वस्तू घालतो. आणि गाडी कायदेशीर करणारा माणूस त्याच पान्याने तिचा इतिहासही पुसतो.

कारण इतिहास होता. भाचा कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर पाच वेळा जाऊन आला होता. त्यात दोनदा गियरबॉक्स तापल्याची सूचना पडद्यावर आली होती आणि दोन्ही वेळा त्याने आणखी चार फेऱ्या मारल्या होत्या. यात गियरबॉक्सचा दोष नाही. बैलाला शर्यतीत पळवून पुन्हा औताला जुंपले तर खांदा दुखणारच. पण मूळ प्रोग्रॅम परत भरल्यावर हे कुठे दिसणार नव्हते. गाडी गुळगुळीत चालत होती.

'मूळ स्थितीतली गाडी' या तीन शब्दांपाशी मी थांबले. ते खोटे आहेत का? प्रत्येक भाग मूळ, प्रोग्रॅम मूळ, आरसी बुकाशी सगळे जुळते. तरीही ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र उभे राहील ते असे असेल, की ही गाडी नेहमी अशीच होती. अनुवादात हा प्रकार रोज भेटतो. प्रत्येक शब्द कोशाप्रमाणे बरोबर आणि वाक्य लबाड. अशा अनुवादावर कोणी बोट ठेवले तर अनुवादक कोश उघडून दाखवतो. कोश त्याच्या बाजूने असतोच, वाचक नसतो.

सिसेरोने 'कर्तव्यांविषयी' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात हाच वाद मांडला आहे. एकाला घर विकायचे आहे. घर रोगट आहे, लाकूड कुजके आहे, खोल्यांत साप निघतात, आणि हे मालकाशिवाय कोणाला ठाऊक नाही. सांगावे का? डायोजेनिस या स्टोइक पंडिताची बाजू अशी की कायद्याने सांगायला लावलेले दोष सांगावेत. बाकी न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला जे माहीत आहे ते सगळे घेणाऱ्याला कळलेच पाहिजे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने कौल देतो. गप्प राहणे नेहमीच लपवणे नसते, हे त्याला मान्य आहे. पण ज्याला कळण्यात हित आहे त्याच्यापासून आपल्या फायद्यासाठी मुद्दाम दूर ठेवलेली माहिती ही लपवलेलीच. भाच्याच्या मित्रांना या दोघांची नावे माहीत असण्याचे कारण नाही, पण बोलत होते ते डायोजेनिसच्या भाषेत.

म्हणून मी सुचवले ते असे. भाग मूळ बसव, कारण बेकायदा वस्तू कोणाच्या गळ्यात घालू नये. सुटे सामान ज्या भावाला जाईल त्या भावाला विक. आणि जाहिरातीत लिही, की गाडी सहा वर्षे बदललेली होती, पाच वेळा ट्रॅकवर गेली, दोनदा गियरबॉक्स तापला, सगळी बिले आणि डायनोचे आलेख पाहायला मिळतील. अशा गाडीचे फार तर ४ लाख ६० हजार येतील. सामानासकट ६ लाख.

भाच्याने तिथल्या तिथे वजाबाकी केली. "म्हणजे खरं बोलायचे चाळीस हजार. माझ्या दोन महिन्यांचं भाडं आहे ते." नोकरी नसलेल्या माणसाला हे ऐकवणे सोपे नव्हते. मी एवढेच म्हटले की ते चाळीस हजार कोणीतरी भरणारच आहे. तू नाही भरलेस तर नवा मालक भरेल, वर्षभराने, एखाद्या गॅरेजात, कशासाठी भरतो आहे हे न कळता. न सांगता मिळवलेली रक्कम ही गाडीची किंमत नसतेच. ते घेणाऱ्याच्या नावावर, त्याला न विचारता काढलेले कर्ज असते.

यावर त्याने जे विचारले त्याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. "बाकीचे सगळे लपवतात, हे घेणाऱ्यालाही माहीत आहे. मी पाच दोष सांगितले तर तो धरून चालणार की अजून पाच असतील." अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकर्लॉफने १९७० साली जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन हे दाखवले आणि २००१ मध्ये त्याला नोबेल विभागून मिळाले. चांगली गाडी कोणती हे घेणाऱ्याला कळत नसेल तर तो सगळ्यांनाच मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो बाजार सोडतो, आणि बाजारात वाईट गाड्या उरतात. प्रामाणिक विकणारा अशा बाजारात दोनदा भरतो : एकदा स्वतःच्या सत्यासाठी, एकदा इतरांच्या खोट्यासाठी.

पहिली रक्कम त्याने भरावी असे मी म्हणू शकते. दुसरी भरायला लावणे अन्यायाचे आहे. तिच्यावर थोडासा इलाज आपल्या जुन्या व्यवहारशास्त्रात सापडतो. धर्मशास्त्रातल्या अठरा विवादपदांत खरेदी-विक्रीनंतरच्या पश्चात्तापाचे एक वेगळे पद आहे. त्यासाठीचा शब्द आहे अनुशय. मनुस्मृती सौदा फिरवायला दहा दिवस देते. याज्ञवल्क्यस्मृती वस्तूगणिक परीक्षेचे दिवस ठरवते : दुभत्या जनावराला तीन, ओझे वाहणाऱ्याला पाच, रत्नाला सात, बियाण्याला दहा. त्याच यादीत विकली जाणारी माणसेही आहेत, स्त्रिया आणि पुरुष, दिवसांच्या आकड्यांसकट. ही यादी डोळे मिटून गौरवाने सांगता येत नाही. पण तिच्यातली एक समज कामाची आहे. बोलण्याने पटत नसेल तर वेळ द्यावी. बैल हेड्याच्या शब्दावर घेऊ नये, पाच दिवस जुंपून पाहावा.

तेव्हा जाहिरातीत शेवटचे वाक्य मी असे घातले : तुमच्या मेकॅनिककडे दाखवा, इसार दिल्यावर पाच दिवसांत नको वाटली तर इसार परत. भाच्याला ते वेडेपणाचे वाटले, पण त्याने ते काढले नाही. फोन कमी आले. आलेल्यांपैकी एकाने सगळी बिले वाचली, गाडी दोन दिवस तपासून घेतली आणि ४ लाख ७० हजार दिले. ठरवल्यापेक्षा दहा हजार जास्त आले आणि तीस हजार गेले ते गेलेच. सचोटी शेवटी फायद्याचीच ठरते, असे म्हणायला हा हिशेब परवानगी देत नाही.

तरी किमतीविषयी एक कसोटी यातून माझ्या हाती लागली. किंमत सांगणे हे एक विधान असते : ही वस्तू अशी आहे, म्हणून एवढे द्या. पाचव्या दिवशी घेणारा दारात येऊन उभा राहिला, तर तेच विधान त्याच्या डोळ्यांकडे पाहून, एकही शब्द न बदलता पुन्हा करता आले पाहिजे. जो आकडा त्या दिवशी पुन्हा उच्चारता येतो तो न्याय्य. त्याच्या वर जे राहिले, त्या पहाटा, ते रस्ते, ती सहा वर्षे, त्याला मोल नाही. म्हणीचे दोन्ही अर्थ तिथे खरे ठरतात.