काळ्या क्रेपमधली ती

जुन्या इंग्लिश घरांतून लिलावात येणाऱ्या तैलचित्रांमध्ये ती अधूनमधून भेटते. अंगभर काळा पोशाख, डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर ठेवलेले हात. वय विशी-पंचविशीचं. नवरा नुकताच गेलेला.

व्हिक्टोरियन काळात विधवेनं एक वर्ष आणि वर एक दिवस क्रेप लावलेला पोशाख घालावा, असा शिरस्ता होता. क्रेप म्हणजे चुण्या पाडून मुद्दाम निस्तेज केलेलं रेशीम. दागिना घातलाच तर इंग्लंडातल्या व्हिटबीच्या, जेट नावाच्या काळ्याभोर खड्याचा. पुढे टप्प्याटप्प्यानं राखाडी, फिकट जांभळ्याची मुभा मिळे. सगळं मिळून दोन-अडीच वर्षं. विधुराचं फार लवकर भागायचं. राणी व्हिक्टोरियानं मात्र 1861 मध्ये नवरा अल्बर्ट गेल्यावर 1901 मध्ये स्वतः जाईपर्यंत काळं सोडलं नाही.

एरवी साटीनची झळाळी रंगवण्यात चित्रकाराचं कसब दिसे. इथे समोर प्रकाश गिळून टाकणारं कापड. मग उजेडाला टोपी, चेहरा आणि हात एवढ्याच जागा उरतात. ज्या पोशाखानं तिला कुणाची तरी विधवा ठरवलं, तोच तिचा चेहरा पुढे आणतो.

त्या चेहऱ्यावर मला नुसतं दुःख दिसत नाही. इंग्लिश कायद्यात लग्न झालं की बाईचं वेगळं अस्तित्वच नवऱ्यात विरून जाई. तिची कमाई त्याची, चीजवस्तू त्याची. 1870 आणि 1882 च्या कायद्यांनी हे बदलत नेलं. तोवर स्वतःच्या नावानं व्यवहार करायचा हक्क बहुतेकींना परत मिळे तो विधवा झाल्यावरच! केवढी ही किंमत. म्हणजे चित्राचे पैसे कदाचित तिनंच ठरवले, तिनंच मोजले असतील. रडून थकलेल्या डोळ्यांनी चित्रकारासमोर इतका वेळ बसली ती कुणासाठी? मुलांसाठी, असं मला वाटतं. बाप आठवणार नव्हता, निदान आई तरी त्या वयाची दिसावी.

आणि विक्रीच्या यादीत तिच्यापुढे पुष्कळदा 'अज्ञात तरुण विधवा' एवढंच असतं. हे मला फार सलतं. असं चित्र हाती आलं तर आधी उलटं करून पाहावं. कॅनव्हास विकणाऱ्याचा शिक्का आणि पत्ता असेल तर काळाचा अंदाज लागतो, आणि चौकटीच्या लाकडावर कधी घरातल्याच कुणी शाईनं नाव लिहिलेलं असतं. ते पुसट झालं असलं तरी नीट लावून वाचावं. किंमत त्यानंतर विचारावी.